अनुपालनाचा रकाना

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त लिहिण्यात माझी सारी नोकरी गेली. विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. पुढच्या सभेत आधीच्या ठरावांचा अनुपालन अहवाल ठेवायचा असतो. जे ठरले होते त्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे. सभागृहाला हा भाग सगळ्यात कंटाळवाणा वाटतो, आणि चहाही नेमका तेव्हाच येतो. मला मात्र अनुपालनाच्या त्या उजव्या रकान्याची खोडच लागली. कुणी समता, न्याय, हक्क असे शब्द काढले की माझी नजर आपोआप पानाच्या उजव्या बाजूला जाते. म्हणून समान हक्क म्हणजे काय, हा प्रश्न मी शास्त्रीपंडितांच्या वाटेने सोडवायला जात नाही. कारकुनाच्या वाटेने जाते.

त्या वाटेवरचे माझे मुख्य ठिकाण महाड.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो होता. पुढच्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना तशा सूचना धाडल्या. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस मनापासून या बाजूचे होते. म्हणजे वरून सूचना आली, खाली ठराव झाला, अध्यक्षही अनुकूल. कागद म्हणून पाहिले तर या प्रकरणात खोट काढायला जागा नाही. आणि तरी पुढची तीन वर्षे अस्पृश्यांपैकी कुणी त्या तळ्यावर पाणी भरू शकला नाही. उजवा रकाना कोरा.

बोल्यांना हे दिसत होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. तत्त्व पहिल्या ठरावात सांगून झाले होते. दुसऱ्यात त्यांनी तिजोरीला हात घातला. नगरपालिकेत काम केलेल्या कुणालाही विचारा, अनुदान रोखण्याचे पत्र आले की जी धावपळ होते, ती शंभर परिपत्रकांनी होत नाही.

मग मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. तळे गावात, कायद्याने खुले, आणि परिषदेला जमलेल्या हजारो माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. २० मार्चला डॉ. आंबेडकर आणि सारे प्रतिनिधी रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांनी कुठलाही कायदा मोडला नव्हता, हे आपण विसरतो. सत्याग्रह म्हटले की कायदेभंग डोळ्यांपुढे येतो. इथे मंजूर झालेल्या ठरावाची अंमलबजावणी लोकांनी स्वतः केली, एवढेच. नगरपालिकेने करायचे काम नागरिकांनी केले.

त्यावर काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. ही माणसे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, परतीच्या तयारीतल्या, जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, डोकी फुटली. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना सक्तमजुरीही झाली. तळ्याची शुद्धी करण्यात आली: एकशे आठ घागरी पाणी काढून, त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र मिसळून, मंत्र म्हणत ते परत तळ्यात. जे पाणी मुसलमान भरत होते, गुरे पीत होती, ते पाणी माणसांच्या एका रांगेने बाटले.

इथे मी थोडी थांबते, कारण धर्माचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो. सरकारने धर्मात ढवळाढवळ करू नये, असे आजही मोठ्या तावातावाने सांगितले जाते. पण चवदार तळे देवळात नव्हते. ते नगरपालिकेच्या ताब्यातले, पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्याचे तळे होते. त्याला धार्मिक वस्तू केली ती त्या घागरींनी. एखाद्याचा हक्क अडवायचा असेल तर आधी त्या जागेला पावित्र्य चिकटवायचे आणि मग सरकारला सांगायचे की हा आमच्या श्रद्धेचा विषय आहे, दूर राहा. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आमचे घर माळकऱ्यांचे. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादशा कडक. वारीत माणूस माणसाच्या पाया पडतो, जात विचारत नाही, हे ती अभिमानाने सांगायची, आणि ते खरे होते. नाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळूतून अस्पृश्याचे पोर उचलून आणले, ती कथा सांगताना तिचे डोळे भरायचे. तिच्याच घरी मोरीच्या कोनाड्यात एक कानतुटकी कपबशी ठेवलेली असे. नगरपालिकेचा सफाई कामगार आला की त्या कपात वरून चहा ओतायचा. कप त्यानेच विसळायचा आणि जागेवर ठेवायचा. लहानपणी मी तिला विचारले, की पांडुरंगाला सगळे सारखे, मग हा कप वेगळा का? ती चिडली नाही. “अगं, ते परमार्थात. व्यवहारात राहावं लागतं तसं,” असे म्हणून तिने फुलवाती वळायला घेतल्या.

पुढे थोडे वाचन झाल्यावर कळले की आजीच्या त्या एका वाक्यामागे केवढी मोठी इमारत आहे. परमार्थात अभेद, व्यवहारात भेद. सत्य दोन पातळ्यांवर ठेवायचे. वरच्या पातळीवर आत्मा एकच, ब्रह्म एकच. खालच्या पातळीवर पाणवठे दोन. अद्वैतासारखा समतेला इतका भक्कम पाया देऊ शकणारा विचार ज्या देशात झाला, तिथेच विषमतेची इतकी बारीक कलाकुसर का झाली, याचे मला सापडलेले उत्तर हे आहे. वरच्या समतेला खाली उतरण्याची सक्ती नव्हती. तिला अनुपालनाचा रकाना नव्हता. संतांनी या भिंतीला धडका दिल्या, हे खरेच. पण चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी राहिली, आणि त्यांच्या जातीच्या माणसांना आत जायला साने गुरुजींचे मे १९४७ मधले दहा दिवसांचे उपोषण लागले. मधली सहाशे वर्षे कीर्तने होत होती.

तेव्हा सरकारकडून मला काय हवे? माझा आत्मा इतरांसारखाच आहे, हे सरकारने मला सांगावे अशी मुळीच अपेक्षा नाही. समता सरकार देत नाही. ती त्याच्या आधीपासून आहे, असे मी माळकऱ्याची नात म्हणून मानते. सरकारचे काम खालच्या पातळीवरचे, अगदी रूक्ष आहे: पाणवठा, रस्ता, शाळा, नोकरी, उंबरठा. परमार्थाबद्दल त्याने अवाक्षर काढू नये. पण ‘व्यवहारात राहावं लागतं तसं’ हे वाक्य जिथे हक्क अडवण्यासाठी वापरले जाईल, तिथे मात्र त्याने उभे राहावे.

आजीच्या कपाचे पुढे काय झाले तेही सांगते, कारण त्यात तिचे मतपरिवर्तन झाले नाही. त्या सफाई कामगाराचा मुलगा शिकून वसुली विभागात कारकून झाला आणि मालमत्ता कराची नोटीस घेऊन आमच्या दारात आला. आजीने त्याला खुर्ची दिली आणि चांगल्या कपात चहा दिला. घराणे तेच. त्याच्या हातात सरकारी कागद होता. मला यावर हसावे की रडावे कळत नाही, पण राखीव जागा कशाला, असे कुणी विचारले की मला तो चहा आठवतो. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने करवीर संस्थानात पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, तेव्हा त्यांनाही हा हिशोब दिसला असावा. मने वळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा खुर्चीवरची माणसे बदलणे अधिक लवकर साधते.

पण सरकार म्हणजे तरी कोण? महाडला परत येते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने तळे खुले करणारा आपला ठराव रद्द केला. बहुमताने केलेला ठराव बहुमताने मोडला. कामकाजाच्या दृष्टीने अगदी नियमात. मग डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. मंडपाला गावात कुणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. १२ तारखेला स्पृश्यांच्या बाजूने दिवाणी दावा दाखल झाला, १४ ला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. आंबेडकरांनी परिषदेतल्या भाषणात १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेची आठवण काढली, आणि आपण केवळ पाणी पिण्यासाठी तळ्यावर जात नाही, माणूस म्हणून हक्क बजावण्यासाठी जातो, असे सांगितले. आणि तरी त्यांनी पाणी भरण्याचा सत्याग्रह तहकूब केला. जिल्ह्याचे कलेक्टर परिषदेत येऊन मनाई हुकूम मोडू नका असे सांगून गेले होते. जमलेल्यांपैकी कितीतरी जणांना तुरुंगात जायचे होते. आंबेडकरांनी समजूत घातली. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कुणी हात लावला नाही.

या एकाच प्रकरणात सरकारची किती तोंडे दिसतात पाहा. कौन्सिल हक्क मान्य करते, नगरपालिका मान्य करून मागे घेते, फौजदारी कोर्ट हल्लेखोरांना शिक्षा देते, दिवाणी कोर्ट हक्क बजावणाऱ्यांना थांबवते, आणि कलेक्टर शांतता राखायला सांगतात. शेवटच्या दोघांना आपण तटस्थ आहोत असेच वाटत असणार. ‘निकाल लागेपर्यंत आहे तसे राहू द्या’ हे ऐकायला किती समतोल! पण आहे तसे म्हणजे एकाच्या हातात घागर आणि दुसऱ्याच्या हातात दाव्याची नक्कल. स्थिती जैसे थे ठेवणारे सरकार त्या काळापुरते ताबा असलेल्याच्या बाजूचे असते. आंबेडकरांनी कोर्टावर विश्वास टाकला, तो राजकारणाच्या दृष्टीने शहाणपणाचा असेल. मला त्याबद्दल आदर आहे आणि अस्वस्थताही आहे, कारण तो दावा किती लांबला ते मला माहीत आहे.

मनाई हुकूम पुढल्या फेब्रुवारीत उठला, दावा मात्र चालूच राहिला. शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी लागला. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी स्पृश्यांचे अपील फेटाळले. आंबेडकर जिंकले. पण कशावर जिंकले? तळे फक्त स्पृश्यांनी वापरण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आल्याचे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्यावर. माणसे समान आहेत म्हणून तळे सर्वांचे, असे त्या निकालात कुठेही नाही. वहिवाट पुरेशी जुनी शाबीत झाली असती, तर मग ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का हे कदाचित पाहावे लागले असते, असे न्यायमूर्तींनी म्हटले आणि तो प्रश्न तिथेच सोडला. अन्याय आणखी म्हातारा असता तर तो कायदेशीर ठरण्याची शक्यता होती. दहा वर्षे एका माणसाच्या पाणी पिण्याच्या हक्कावर खल झाला, आणि पुरावा मागितला गेला तो त्याला अडवण्याच्या वयाचा.

राज्यघटना मी विद्यार्थी म्हणून वाचली तेव्हा अनुच्छेद १३ नीरस वाटला होता. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे त्या विसंगतीपुरते शून्य ठरतील, एवढेच ते सांगते. महाडचा निकाल वाचून परत तिकडे गेले, तेव्हा खालच्या व्याख्येवर बोट थांबले: ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठही मोडतात. रूढी किती जुनी हे आता विचारायचेच नाही. ती माणसाला समान वागवते का, एवढेच पाहायचे. १९३७ मध्ये अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादीच येते, आणि ती फक्त सरकारवर नाही, नागरिकांवरही बंधन घालते. घटनेत तळे यावे, यामागे चवदारचे पाणी मला दिसते. सतरावा अनुच्छेद अस्पृश्यता नष्ट करतो. आणि हे सगळे एखाद्या नगरपालिकेने, किंवा विधानसभेनेही, ४ ऑगस्ट उगवला म्हणून साध्या बहुमताने रद्द करायचे नाही. समान हक्कांच्या रक्षणात सरकारचे पहिले काम हे, की त्याने स्वतःचे हात आधी बांधून घ्यावेत.

आंबेडकरांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीला बजावले की आपण विसंगतींच्या जीवनात पाऊल टाकत आहोत: राजकारणात समता, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. मला त्यात आजीच्या दोन पातळ्याच ऐकू येतात. फक्त वरच्या पातळीवर आता परमार्थाऐवजी मतदान होते.

आता माझ्या नोकरीतली एक गोष्ट. गावाला नवी पाण्याची योजना आली. टेकडीवरच्या एका जुन्या वस्तीची तक्रार होती की त्यांच्या नळाला पाणी चढत नाही. सभेत उत्तर दिले गेले की सगळ्या गल्ल्यांना एकाच व्यासाची वाहिनी टाकली आहे, दुजाभाव केलेला नाही. आकडे खरे होते. आमचा व्हॉल्व्हमन मागच्या बाकावरून पुटपुटला, की पाइप सारखा आहे साहेब, उंची सारखी नाही. खालच्या गल्ल्या पाणी ओढून घेतात तोवर वर दाब उरत नाही; वस्तीला वेगळी वेळ द्या, खालचे व्हॉल्व्ह तेवढा वेळ बंद ठेवा. समान हक्क म्हणजे समान पाइप की समान पाणी, यावर मी याहून नेमके काही ऐकलेले नाही. खालच्या गल्ल्यांतून मात्र ओरड झाली की हा आमच्यावर अन्याय आहे. ठराव झाला तो ‘निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात यावी’ असा. ज्यांना ही भाषा कळते त्यांना पुढचे सांगायला नको.

पुढे त्या वस्तीवर हौद बांधला गेला, पण ती गोष्ट लांबलचक आहे. त्यापेक्षा शनिशिंगणापूरच्या शनीच्या देवस्थानाचे सांगते, कारण तिथे मला माझ्या प्रश्नाचे एक नवेच टोक सापडले.

हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानी प्रवेशाचा हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९५६ पासून आहे. कुणाला अडवले तर कैदेची तरतूद आहे. शनीच्या चौथऱ्यावर बायकांना मात्र बंदी होती आणि हा कायदा कपाटात होता. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. नवा हक्क द्या असे म्हणायची त्यांना गरजच नव्हती. आहे तो पाळला जाईल का, एवढेच कोर्टाने सरकारला विचारले आणि १ एप्रिल २०१६ रोजी सरकारचे आश्वासन नोंदवून घेतले. साठ वर्षांचा अनुपालन अहवाल एका सुनावणीत मागवला गेला. दुसऱ्याच दिवशी चौथऱ्याकडे निघालेल्या बायकांना गावकऱ्यांनी अडवले, आणि पोलिसांनी त्या बायकांनाच तिथून हलवले.

यानंतर देवस्थानाने जी युक्ती काढली ती तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. बायका नाहीत, तर पुरुषही नाहीत. चौथरा सर्वांनाच बंद. आता बोला! भेद उरला नाही, न्यायालयाचा अवमान नाही, समता पूर्ण. महाडकरांना हे सुचले नाही. तळे सर्वांना बंद केले असते तर स्वतः प्याले काय असते? पाण्याला जी अडचण आहे ती तेलाच्या अभिषेकाला नाही.

मला त्या काही दिवसांत हे फार छळत होते, की हे चुकीचे आहे ते नेमके कुठल्या वाक्याने सांगायचे? सगळ्यांना सारखे वागवले, हे खरेच आहे. शेवटी मला असे वाटले की ज्याला अडवले त्याच्या हाती काय आले, इथून समतेची मोजणी सुरू करावी लागते. बायकांना दर्शन हवे होते, पुरुषांचे वंचित होणे नको होते. दुसऱ्याचे काढून घेतल्याने माझा हक्क पुरा होत नाही, उलट त्याच्या रागाचा धनी मला केले जाते. कायद्याच्या शब्दांत बसवून माणसामाणसांत वैर लावण्याची ही पद्धत आहे, आणि सरकारने अशा समतेवर ‘अनुपालन झाले’ असा शेरा मारता कामा नये.

ते फार दिवस टिकलेही नाही. ८ एप्रिलला गुढीपाडवा होता. त्या दिवशी चौथऱ्यावर पाणी घालायची पुरुषांची जुनी रीत. बंदी मोडून ते शेकड्यांनी चढले. पुरुषांनी बंदी मोडल्यावर ती कुणावरच लादता येईना, आणि त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केला. बायकांचा हक्क पुरुषांच्या हट्टामुळे मोकळा झाला. न्यायालयाच्या आदेशाला आठवडा झाला होता. अडवणाऱ्यांपैकी कुणावर त्या कायद्याखाली काय कारवाई झाली, तो रकाना मी अजून शोधते आहे.